मित्रांच्या मुलांपलीकडेही पत्रं लिहा: अमेरिकेतल्या मराठी डॉक्टरांना खुले पत्र

डॉक्टर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी न्यू जर्सीतल्या एका सरकारी कॉलेजात प्री-हेल्थ अ‍ॅडव्हायजर आहे. मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या मुलांनी कुठले विषय घ्यावेत, एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा कधी द्यावी, कुठे अर्ज करावा हे सांगायचं आणि त्यांची शिफारसपत्रं गोळा करून पुढे पाठवायची, हे माझं काम. त्यामुळे तुमच्या सहीची पत्रं दरवर्षी माझ्या टेबलावर येतात. आपली गाठ पडते ती गणपतीत नाहीतर दिवाळीच्या कार्यक्रमात, आणि तिथे हा विषय काढता येत नाही, कारण ज्याच्या पत्राबद्दल बोलायचं त्याची आई शेजारीच मसालेभात वाढत असते. म्हणून हे उघड पत्र.

तुमच्या पत्रांचा एक साचा झाला आहे. पहिला परिच्छेद तुमच्याविषयी: मुंबईत कुठे शिकलात, रेसिडेन्सी कुठे, फेलोशिप कुठे, प्रॅक्टिसला किती वर्षं झाली. दुसऱ्यात मुलगा कष्टाळू, वक्तशीर, नम्र आणि चांगल्या घरातला. तिसऱ्यात, तो उत्तम डॉक्टर होईल याबद्दल तुमच्या मनात तिळमात्र शंका नाही. मध्ये कुठेतरी ‘मी ह्याला लहानपणापासून ओळखतो’ हे वाक्य ठरलेलं. तुम्हाला वाटतं त्यानं पत्राला वजन येतं. प्रवेश समितीत बसलेल्या माणसाला त्यातून एवढंच कळतं की ही घरोब्यातली मंडळी आहेत, आणि पुढचं सगळं तो त्याच हिशेबानं वाचतो.

यात तुमचा फार दोष आहे असं मला वाटत नाही. तुम्ही ज्या व्यवस्थेतून आलात तिथे अशा पत्राला जागाच नव्हती. बारावीचे गुण, नाहीतर सीईटी, आता नीट. ७२० पैकी किती पडले आणि यादीत नंबर कुठे लागला, विषय संपला. त्यामुळे हे पत्र आपल्याकडे राजपत्रित अधिकाऱ्याच्या वर्तणुकीच्या दाखल्यासारखं लिहिलं जातं. सही, शिक्का, ‘माझ्या माहितीप्रमाणे चालचलणूक उत्तम’, आणि पुढच्या माणसाला आत पाठवा.

इथे त्या कागदाचं काम वेगळं आहे. बहुतेक एमडी कॉलेजांचे (इथे एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) अर्ज ज्या अ‍ॅमकॅसमधून जातात ती यंत्रणा एएएमसी ही मेडिकल कॉलेजांची संघटना चालवते. १८७६ पासूनची संस्था आहे. तिनं पत्र लिहिणाऱ्यांसाठी सूचना काढलेल्या आहेत, दहा मिनिटांत वाचून होतात. वकिली करू नका, अचूक मूल्यमापन करा, ही त्यातली मुख्य सूचना. विद्यार्थ्याला किती दिवस ओळखता, कुठल्या नात्यानं, स्वतः पाहिलेलं सांगताय की ऐकीव, ते लिहा. पत्र किती लांब यापेक्षा त्यात काय आहे ते महत्त्वाचं, हेही स्पष्ट सांगितलं आहे. तुमच्या पहिल्या परिच्छेदाला यात कुठेच जागा नाही, तेवढा तो काढून टाका.

आता एक कटू गोष्ट. बऱ्याचशा एमडी कॉलेजांना तुमचं पत्र लागतच नाही. त्यांना हवी असतात विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांची, एक विज्ञानाबाहेरच्या प्राध्यापकाचं, आणि मुलाच्या स्वतःच्या कॉलेजात समिती असेल तर तिचं एकत्रित पत्र. डॉक्टरचं पत्र ही वरची भर. अ‍ॅमकॅसमध्ये दहा पत्रं जोडता येतात म्हणून आईवडील दहा जमवायला धावतात. ती दहा वाचण्याची हौस कुणालाही नसते. डीओ कॉलेजांचं मात्र निराळं. ऑस्टिओपथीची ही कॉलेजं, यांची डीओ पदवी घेतलेलेही इथे पूर्ण डॉक्टरच असतात, आपला अर्ज आकोमास या वेगळ्या यंत्रणेतून घेतात, आणि त्यातली कितीतरी कॉलेजं डॉक्टरचं पत्र मागतातच. काहींना ते डीओ पदवीच्याच डॉक्टरचं असलेलं बरं वाटतं. हे लक्षात ठेवा, पुढे याच मुद्द्यावर यायचं आहे.

तरीही चांगलं लिहिलेलं डॉक्टरचं पत्र एमडी कॉलेजातसुद्धा काम करतं, कारण प्राध्यापकाला जे कधी दिसत नाही ते तुम्हाला दिसतं. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या बाईंना मुलीचं डोकं कळतं. ब्याऐंशी वर्षांचे आजोबा आपल्या गुडघ्याची हकिगत तिसऱ्यांदा पहिल्यापासून सांगू लागतात तेव्हा ती मोबाइलकडे बघते की आजोबांकडे, हे त्यांना कळायला मार्ग नाही. फ्रंट डेस्कवरच्या बाईशी आणि मेडिकल असिस्टंटशी मुलगा कसा बोलतो? तुमच्याशी बोलतो तसाच, की तिथे त्याचा आवाज बदलतो? रुग्णानं ‘हा पोरगा बाहेर जाऊ दे’ म्हटल्यावर निमूट उठला की चेहरा पाडून? गुजराती किंवा स्पॅनिश बोलणाऱ्या रुग्णाशी दोन शब्द बोलून त्याला धीर दिला हे चांगलंच, पण औषधाच्या मात्रेची गोष्ट निघाली तेव्हा ‘इथे दुभाषी बोलवायला हवा, माझं काम नाही’ हे त्याच्या लक्षात आलं का? दिवस संपल्यावर त्यानं काय विचारलं? ‘तुमचं स्पेशलायझेशन किती वर्षांचं’ हे विचारलं, की ‘त्या बाईंना तुम्ही बातमी आधी नवऱ्याला बाहेर पाठवून का सांगितलीत’ हे?

माझ्या आठवणीतलं सगळ्यांत चांगलं पत्र जेमतेम पाऊण पानाचं होतं. तपशील थोडे बदलून सांगते. एका नेफ्रॉलॉजिस्टनं लिहिलेलं, मुलगी त्यांच्या डायलिसिस सेंटरमध्ये टेक्निशियन म्हणून काम करत होती. पत्रात ‘कष्टाळू’ हा शब्द नव्हता. पहाटेच्या पाळीतले दोन रुग्ण आपल्या खुर्चीला हीच मुलगी हवी म्हणून अडून बसत, हे होतं. एकदा तिनं रुग्णाचं डायलिसिसआधीचं वजन चुकीचं नोंदवलं. अंगातून पाणी किती काढायचं ते त्या वजनावर ठरतं, तेव्हा चूक साधी नव्हती. मशीन सुरू व्हायच्या आत ती स्वतः नर्सकडे गेली आणि चूक झाली म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी तिचा एक कमकुवतपणाही लिहिला होता: मदत मागायला उशीर करते, मागच्या सहा महिन्यांत सुधारते आहे. शेवटी, आजवर माझ्या हाताखाली काम केलेल्या टेक्निशियनमध्ये ती कुठे बसते, ते एका ओळीत. बास. त्या डॉक्टरांचा सीव्ही काय होता हे मला आजही ठाऊक नाही.

असं पत्र दोन दिवसांच्या शॅडोइंगवर, म्हणजे डॉक्टरच्या मागे फिरून नुसतं काम बघण्यावर, लिहिता येत नाही, आणि माझी पहिली विनंती तीच आहे: लिहू नका. नाताळच्या सुट्टीत मित्राचा मुलगा दोन दुपार तुमच्या मागे फिरला, जेवणाच्या सुट्टीत तुमच्याबरोबर सँडविच खाल्लं, एवढ्यावर तुम्ही त्याच्याबद्दल काय सांगू शकता? काहीच नाही. तरी सही करता, कारण नाही म्हणवत नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. तुमच्या भिडेपायी त्या मुलाच्या अर्जात एक पोकळ पत्र जातं, आणि पोकळ पत्र अर्जाला खाली ओढतं. वाचणारा मनात म्हणतो, ह्याला ह्यापेक्षा बरं ओळखणारा डॉक्टर सापडला नाही वाटतं. सरळ सांगा, ‘बाळा, मी तुला फार थोडं पाहिलंय, माझं पत्र तुझ्या कामाचं नाही. आठवड्याला एक सकाळ येत जा, वर्षानं बघू.’ आणि हे मुलाला सांगा, त्याच्या आईला नको. पत्र मागायला आईचा फोन आला तर ‘त्यालाच करू दे की फोन’ म्हणा. बावीस वर्षांच्या माणसाला एका डॉक्टरकडे स्वतःसाठी काही मागता येत नसेल, तर उद्या रुग्णासाठी विमा कंपनीशी कसा भांडणार?

‘तूच लिहून आण, मी सही करतो’ ही दुसरी खोड. का होते ते मला कळतं. संध्याकाळी सहाला क्लिनिक संपतं, जेवण झालं की रात्री अकरापर्यंत नोट्स पुऱ्या करत बसता; त्यात हे पत्र कुठे लिहिणार. पण समितीतल्या माणसानं आताच मुलाचा निबंध वाचलेला असतो, आणि पुढच्या पानावर त्याच उपमा, तीच वाक्यरचना, तोच ‘प्रवास’ तुमच्या सहीखाली भेटतो. मुलाला हवं तर मुद्द्यांचा कागद द्यायला सांगा: कुठले दिवस आलो, काय पाहिलं, काय लक्षात राहिलं. वाक्यं तुमची असू द्यात. मोडक्यातोडक्या इंग्रजीतली असली तरी चालतात. खरं तर तीच पटतात.

मुलींच्या पत्रांबद्दल एवढंच सांगते, कारण हे मी स्वतः डोळ्यांनी बघते. २००३ मध्ये फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका या दोघींनी एका अमेरिकन मेडिकल कॉलेजातल्या अध्यापकपदांसाठी आलेल्या ३१२ पत्रांचा अभ्यास छापला. स्त्रियांची पत्रं आखूड होती आणि त्यांत शंका पेरणारी वाक्यं जास्त होती. आपल्याकडची पत्रं वाचताना ते आठवतं. मुलगा ‘तल्लख’ असतो, मुलगी ‘गोड आणि मदतीला तत्पर’. सही करण्याआधी नावाच्या जागी मुलाचं नाव घालून एकदा वाचून बघा.

आणि हो, पत्र गोपनीय असतं. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींबद्दलच्या १९७४ च्या फर्पा कायद्यानं विद्यार्थ्याला ते बघण्याचा हक्क दिलेला आहे; बहुतेक जण अर्जात तो हक्क सोडून देतात, म्हणजे वाचणाऱ्याचा पत्रावर विश्वास बसतो. त्यानंतर तुम्ही त्याची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बघ गं, ठीक आहे का’ म्हणून वहिनींना पाठवता. कृपा करून नका पाठवू.

आता ज्यासाठी खरं लिहायला बसले ते.

२०२३ साली एमडीच्या जागांसाठी ५२,५७७ जणांनी अर्ज केले आणि २२,९८१ जण आत गेले. आत जाणारे कुठल्या घरातले असतात? एएएमसीनं २०१८ मध्ये मांडलेल्या आकड्यांप्रमाणे निम्मे विद्यार्थी देशातल्या सर्वांत श्रीमंत एक-पंचमांश घरांतले, आणि वरच्या दोन-पंचमांशातले धरले तर जवळजवळ तीन-चतुर्थांश. पैशाचा भाग आहेच: एमकॅटच्या शिकवण्या, दर कॉलेजमागे वेगळी फी, बिनपगारी संशोधन. त्याशिवाय एक बिनपैशाची गोष्ट असते, डॉक्टर काका. आपल्या मंडळातल्या मुलाला असे चार काका असतात. एक कार्डिऑलॉजीवाला, एक भूलतज्ज्ञ, एक पॅथॉलॉजीतला आणि एक ज्याची स्वतःची प्रॅक्टिस आहे. त्यानं फक्त कुणाच्या घरी श्रीखंड खायचं तेवढं ठरवायचं.

माझ्याकडे येणाऱ्यांत अशीही मुलं असतात ज्यांचे वडील उबर चालवतात, आई डंकिनमध्ये पहाटेची पाळी करते. त्यात मराठीही आहेत, हे सांगायला हवं. इथला प्रत्येक मराठी माणूस आयटीत नाही की डॉक्टर नाही. ही मुलं काय करतात? गुगलवर जवळच्या डॉक्टरांची यादी काढतात आणि ईमेल लिहीत सुटतात. उत्तर येत नाही. फोन केला तर फ्रंट डेस्क म्हणतं, ‘हिपामुळे परवानगी नाही.’ तुम्हालाही ठाऊक आहे की रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा १९९६ चा तो कायदा रुग्णाची हरकत नसताना विद्यार्थ्याला खोलीत उभं राहायला मनाई करत नाही. मोठ्या हॉस्पिटलचे स्वतःचे नियम असतात, टीबीची तपासणी, लसीकरणाचे कागद, व्हॉलंटियर ऑफिसची परवानगी. तिथे नोकरी करणाऱ्या डॉक्टरचा इलाज नसतो, हेही मान्य. पण ज्याची स्वतःची प्रॅक्टिस आहे त्याच्या डेस्कवरचं ‘हिपा’ हे बहुतेक वेळा ‘कशाला ब्याद’ याचं सभ्य रूप असतं.

मग डीओ कॉलेजांच्या अर्जात डॉक्टरच्या पत्राचा रकाना येतो आणि हा मुलगा तिथे अडतो. गुण आहेत, एमकॅट बरी आहे, गावातल्या फर्स्ट एड स्क्वाडमध्ये रात्रीची अ‍ॅम्ब्युलन्स करतो, रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या छातीवर हात ठेवून सीपीआर दिलेला आहे. फक्त पत्र लिहील असा डॉक्टर ओळखीचा नाही.

मंडळात हा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: ‘अहो, आधीच भारतीय मुलांना प्रवेश अवघड, त्यात आपण आपल्यांनाच मागे टाकायचं?’ थोडा हिशेब करू. तुमच्या मित्राच्या मुलाकडे प्राध्यापकांची पत्रं आहेत, लॅबचं पत्र आहे, आणखी तीन डॉक्टर रांगेत आहेत. तुमच्या पत्रानं त्याचं पारडं केसभर हलणार नाही. त्याच्या आईच्या मनाला बरं वाटेल, एवढंच. तोच तास तुम्ही त्या अ‍ॅम्ब्युलन्सवाल्या मुलाला दिलात तर त्याचा अर्ज पुरा होतो, जो एरवी अपुराच राहिला असता. मित्राच्या मुलाला घेऊ नका असं मी म्हणतच नाही. त्याला वर्षभर बघा आणि खरं पत्र लिहा. पण खोलीत खुर्ची दोघांसाठी ठेवा.

हे मी तुम्हालाच का सांगते आहे, एखाद्या अमेरिकन संघटनेला का नाही? कारण पत्राची किंमत तुमच्याइतकी कुणाला ठाऊक नाही. केईएम, जेजे, बीजे, नागपूरचं जीएमसी, कुठूनही आला असाल. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठीच्या ईसीएफएमजीच्या परीक्षा तुम्ही मार्कांवर काढल्यात, पण रेसिडेन्सीच्या अर्जाला अमेरिकन डॉक्टरांची पत्रं लागली. तेव्हा नात्यातल्या कुणाच्या बेसमेंटमध्ये राहून ऑब्झर्वरशिपसाठी तुम्हीही अशाच ईमेल नाहीतर टपाल पाठवत होता. रुग्णाला हात लावायची परवानगी नाही, कोपऱ्यात उभं राहायचं, आणि महिन्याच्या शेवटी ‘स्ट्राँग लेटर द्याल का’ म्हणून विचारायचं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तुमच्याच कॉलेजच्या सीनियरनं हात दिला, हे मी कितीदा ऐकलं आहे, आणि ती पद्धत चांगलीच आहे. काही जणांना मात्र एखाद्या परक्या माणसानं चार आठवडे पाहिलं आणि लिहिलं. पुढे जे-वन व्हिसाच्या मायदेशी परतायच्या अटीतून माफी मिळावी म्हणून तुम्ही डॉक्टर मिळत नसलेल्या गावांत तीन-तीन वर्षं काढलीत. त्या गावांतले लोक तुमचे कोण होते?

मागणं साधं आहे. ज्यांची प्रॅक्टिस आहे त्यांनी वर्षाला एक मुलगा किंवा मुलगी घ्यावी, जिला तुम्ही, तुमचे मित्र किंवा तुमचं मंडळ कुणीही ओळखत नाही. आठवड्याला अर्धा दिवस, सहा महिने. शक्य असेल तर स्क्राइब (तुमच्या नोट्स टाइप करणारा) किंवा मेडिकल असिस्टंट म्हणून पगारी ठेवा. ज्याला घरभाड्याला हातभार लावायचा असतो त्याला फुकटचं शॅडोइंग परवडत नाही, आणि टायपिंग करणारा मुलगा तुमच्या रात्रीच्या नोट्सही कमी करतो. मुलं कुठून मिळणार? जवळच्या सरकारी कॉलेजच्या किंवा कम्युनिटी कॉलेजच्या प्री-हेल्थ ऑफिसला एक फोन करा, आम्ही आनंदानं उड्या मारू. हॉस्पिटलच्या नोकरीत असाल तर व्हॉलंटियर ऑफिसचा अर्ज मुलाला कसा भरायचा ते दाखवा आणि तुमचं नाव घालायला सांगा, एवढंही खूप. आपल्या दुसऱ्या पिढीतली बरीच मुलं आता डीओ होऊन प्रॅक्टिस करताहेत. त्यांना खास विनंती, कारण त्यांच्या पदवीचं पत्र शोधताना माझ्या नाकीनऊ येतात.

बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आणि स्थानिक मंडळांच्या कार्यकारिणीलाही सांगणं आहे. ढोलताशा पथकांची, केटररची, गुरुजींची यादी तुमच्याकडे तयार असते. तिच्यात अनोळखी विद्यार्थी घ्यायला तयार असलेल्या डॉक्टरांची एक यादी घाला: गाव, विशेषज्ञता, एमडी की डीओ, आठवड्यातला कुठला दिवस. विद्यार्थी मराठीच हवा ही अट घालू नका.

वेळापत्रक सांगून थांबते. अ‍ॅमकॅस मेच्या सुरुवातीला उघडतं आणि मेअखेरीपासून जूनमध्ये अर्ज आत जातात. पत्राशिवाय अर्ज पाठवता येतो, पण पत्रं पोचेपर्यंत कॉलेज तो पुरा धरत नाही. त्यामुळे ज्यांना पुढच्या उन्हाळ्यात पत्र लागणार ती मुलं या शरदातच तुमच्याकडे यायला हवीत. तुम्ही सुट्टीला भारतात जाणार असाल तर पत्र जाण्याआधी टाका; लेटरहेड, तारीख आणि सही हवी, आणि मुलानं दिलेला लेटर आयडी विसरू नका. माझ्याकडे सध्या एक मुलगा आहे, संध्याकाळी वेअरहाऊसमध्ये काम करतो, म्हणून त्याला मंगळवार आणि गुरुवार सकाळच जमते. गाडी नाही. एडिसन, पिस्कॅटवे, न्यू ब्रन्सविक, बसनं पोचता येईल असं कुठलंही क्लिनिक चालेल. इंटर्नल मेडिसिन असेल तर उत्तम, नसेल तरी हरकत नाही.

आपली,
न्यू जर्सीतली एक प्री-हेल्थ अ‍ॅडव्हायजर